शिक्का अस्पष्ट

सरकारी खात्यात मी 31 वर्षं काढली. 'काढली' हेच क्रियापद बरोबर आहे, कारण त्या 31 वर्षांत मी मुख्यतः त्रुटी काढल्या. अर्ज मंजूर करायचा की फेटाळायचा हे वरच्यांचं काम. माझं काम त्याच्या अलीकडचं. अर्ज वाचायचा, त्याला काय जोडलेलं नाही ते हुडकायचं आणि 'त्रुटींची पूर्तता करून फेरसादर करावा' असं लिहून आल्या वाटेनं परत पाठवायचा. एखाद्या महाभागानं सगळंच जोडलेलं असलं, तर मला दिवसभर चुकल्यासारखं व्हायचं. अशा वेळी 'प्रती साक्षांकित नाहीत' हे अस्त्र असायचं. त्या साक्षांकित निघाल्याच, तर 'शिक्का अस्पष्ट' हे ब्रह्मास्त्र. ते कधी वाया गेलं नाही. स्पष्ट उठलेला शिक्का मी उभ्या नोकरीत पाहिला नाही.

अशा माणसाला निवृत्तीनंतर खिडकीच्या बाहेरच्या बाजूला उभं करायचं, एवढीच नियतीची इच्छा होती. त्यासाठी तिनं तात्यांची नेमणूक केली.

मालाड पश्चिमेला आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक पिंपळ आहे. त्याच्याखाली चार बांबू, एक निळी ताडपत्री, जुन्या चादरींची घडी घातलेलं टेबल आणि त्यावर कोळशाची पितळी इस्त्री. तात्यांचा उद्योगसमूह एवढाच. मूळ गाव खेडकडचं, बिऱ्हाड पूर्वेला कुरारला. रोज सकाळी सबवे ओलांडून पश्चिमेला यायचं, इस्त्रीत निखारे भरायचे, आणि कोळसा धगेस्तोवर टेबलाच्या कडेला वर्तमानपत्र ठेवून द्यायचं. ते वर्तमानपत्र वाचायला मी जात असे. तात्या मला 'साहेब' म्हणत. गल्लीत आपल्याला मान आहे, अशी माझी त्यामुळे समजूत झाली होती. ती पुढे कशी उतरली ते ओघात येईलच.

22 मार्च 2020 च्या रविवारी आम्ही गॅलरीत उभं राहून थाळ्या वाजवल्या. 24 तारखेच्या रात्री करोनाच्या टाळेबंदीनं सगळं बंद झालं. जूनमध्ये मुख्यमंत्र्यांनी 'पुनश्च हरिओम' म्हटलं. टिळकांनी तुरुंगातून सुटून आल्यावर 'केसरी'त हेच शब्द लिहिले होते. आम्हीही तुरुंगातून सुटल्यासारखेच बाहेर आलो. तात्यांनी ताडपत्री झटकली, इस्त्री पेटवली आणि गिऱ्हाइकाची वाट पाहत बसले.

गिऱ्हाईक आलं, पण अर्धं. माइंडस्पेसच्या ऑफिसांमधली सगळी पोरं घरून काम करत होती. त्यांच्या मीटिंगा कमरेच्या वर होत. त्यामुळे इस्त्रीला येत ते फक्त शर्ट, तेही आठवड्याला दोन. कमरेच्या खाली अवघा देश बर्म्युड्यात बसला होता. तात्या मला म्हणाले, "साहेब, तीन महिन्यांत एक पँट नाही बघितली. कशी असते ते विसरायला झालंय." अर्थव्यवस्थेत मागणी घटणं म्हणजे काय, हे पुढे मी अग्रलेखांतून पुष्कळ वाचलं. इतकं सोपं करून कोणी सांगितलं नाही.

मे महिन्यात वीस लाख कोटींचं पॅकेज जाहीर झालं होतं. 20 वर किती शून्यं, यावर पिंपळाखाली दोन दिवस वाद चालला. भाजीवाली मावशी म्हणाली दहा, मालवणीच्या शेअर रिक्षावाला म्हणाला चौदा. मी कागदावर मांडून बारा सिद्ध केली. कोणाला फरक पडला नाही. तात्यांचा प्रश्न वेगळाच होता, "त्यातली आपल्या वाटणीची किती?"

चारच, असं उत्तर निघालं. पथविक्रेत्यांसाठी 5 हजार कोटी, पथविक्रेते 50 लाख. भागाकार केला की माणशी 10 हजार. 1 जून 2020 ला योजना सुरू झाली. नाव 'प्रधानमंत्री पथविक्रेता आत्मनिर्भर निधी', लाडाचं नाव 'पीएम स्वनिधी'. नावाच्या पहिल्याच अटीला तात्या अडखळले. "पण मी विक्रेता कुठं? मी काही विकत नाही. लोकांचेच कपडे लोकांना परत देतो." मी योजनेची मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात न्हावी, चांभार, पानाची टपरी यांच्या ओळीत लाँड्रीही होती. 31 वर्षांत एखाद्याला पात्र ठरवणारं वाक्य मी पहिल्यांदाच मुद्दाम शोधलं होतं. अंगावर काटा आला.

दुसरी अडचण शब्दाची. तात्यांनी कुठून तरी 'अनुदान' ऐकलं होतं. अनुदान म्हणजे परत द्यायचं नाही, हे उभ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. मी समजावलं, "तात्या, हे कर्ज आहे. वर्षभरात हप्त्यानं फेडायचं. अनुदान आहे ते व्याजावर. हप्ते वेळेवर भरलेत तर व्याजदरातले 7 टक्के सरकार तुमच्या खात्यात घालणार."

"म्हंजे किती?"

मी हिशेब केला. मुद्दल महिन्याला कमी होत जाणार, म्हणजे वर्षाचे साधारण चारशे रुपये.

तात्या थोडा वेळ निखाऱ्यांकडे बघत राहिले. "आमच्या आज्यानं बैलासाठी तगाई काढली होती," ते म्हणाले. "बैल दोन वर्षांत गेला. तगाई मात्र माझ्या बापाच्या लग्नापर्यंत जगली."

त्याच सुमारास बर्लिनहून भाचीचा फोन आला. ती तिकडे योगाचे वर्ग घेते. म्हणाली, "मामा, इथं एकट्यादुकट्यानं धंदा करणाऱ्यांना आणि पाच माणसांपर्यंतच्या धंद्यांना तीन महिन्यांसाठी 9 हजार युरोपर्यंत मिळतात. फॉर्म भरला, काही दिवसांत पैसे खात्यात. परत द्यायचे नाहीत." 9 हजार युरो म्हणजे साडेसात लाखांच्या घरात. मी हादरलो, ते रकमेनं नव्हे. मला धक्का बसला 'काही दिवसांत'चा. "आणि कागदपत्रं?" मी विचारलं. "नंतर बघू म्हणाले." त्या रात्री मला झोप लागली नाही. ज्या देशात यंत्राचा एकेक स्क्रू मोजून लावतात, तिथलं सरकार 'नंतर बघू' म्हणतं? पण पुढे तिकडेही पत्रं सुटली: तुमची तूट खरोखर झाली होती का, हिशेब द्या, जास्त घेतलं असेल तर परत करा. बऱ्याच जणांनी परत केले. माझा जर्मनीवरचा विश्वास पुन्हा बसला. त्रुटी सगळीकडे असतेच. तिकडे पैसे देऊन काढतात, इकडे देण्याआधी.

तर, कागदपत्रं. 24 मार्च 2020 ला किंवा त्याआधी तुम्ही रस्त्यावर धंदा करत होता, हे सिद्ध करायचं. वाचायला सोपं आहे. पण मुंबईत रस्त्यावर धंदा करणाऱ्याची सगळी हुशारी आपण तिथे नव्हतोच हे दाखवण्यात गेलेली असते. पालिकेची 'गाडी आली' अशी आरोळी उठली की अर्ध्या मिनिटात अख्खा बाजार अदृश्य करण्याची विद्या या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या कमावली. आणि आता अर्ज म्हणत होता, तुम्ही दृश्य होता याचा पुरावा जोडा.

कायदा तसा त्यांच्या बाजूनं आहे. 2014 चा पथविक्रेता कायदा म्हणतो की शहराच्या लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत विक्रेत्यांना सामावून घ्यावं. 2011 च्या जनगणनेप्रमाणे मुंबई 1 कोटी 24 लाखांची. अडीच टक्के म्हणजे तीन लाखांच्या वर. 2014 मध्ये मुंबईत सर्वेक्षण झालं, तेव्हा सुमारे 99 हजार अर्ज आले. छाननी झाली, अधिवासाचे दाखले तपासले आणि पात्र ठरले सुमारे 15 हजार. ही छाननी करणाऱ्या अज्ञात सहकाऱ्यांना मी मनोमन नमस्कार केला. तीन लाखांच्या जागेत 15 हजार माणसं बसवणं सोपं नाही. त्याला रियाज लागतो.

तात्या त्या 99 हजारांतही नव्हते. सर्वेक्षणाच्या वेळी ते गावाला लावणीला गेले होते. स्वनिधीत अशा सुटलेल्यांसाठी वेगळा वर्ग होता. त्यांनी स्थानिक संस्थेचं शिफारसपत्र आणायचं. शिफारसपत्रासाठी पुरावा आणायचा. पुरावा कोणता? पत्ता म्हणावा तर पिंपळ. वीजबिल म्हणावं तर निखारे. भाडेपावती म्हणावी तर पिंपळानं आजवर दिलेली नाही.

तेवढ्यात तात्या म्हणाले, "दंडाच्या पावत्या चालतील?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी दुधाच्या पिशवीत गुंडाळलेला जुडगा आणला. घरी विठोबाच्या तसबिरीमागे जपून ठेवलेला. गेल्या 20 वर्षांत टेबल जितक्या वेळा उचलून नेलं, तितक्या वेळा दंड भरून ते सोडवून आणलेलं, आणि दर वेळची पावती जपलेली. तारीख, ठिकाण, रक्कम सगळं होतं. तात्या कधी, कुठे, किती वर्षं बेकायदा उभे होते याची सरकारी नोंद, खुद्द सरकारच्या हस्ताक्षरात. जो कागद काल गुन्ह्याचा होता, तोच आज पात्रतेचा झाला. टेबलाला आयुष्यात इतका मान मिळाला नसेल. मी पावत्या तारखेप्रमाणे लावल्या, अनुक्रमांक घातले आणि सवयीनं प्रत्येकीच्या कोपऱ्यात बघितलं. शिक्का अस्पष्ट.

मग आम्ही स्टेशनजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात गेलो. फॉर्म ऑनलाइन होता आणि रांग ऑफलाइन. प्रत्येकाच्या हातात तीच दुधाची पिशवी. झेरॉक्सवाला पानाला दोन रुपये आणि फॉर्म भरायला पन्नास घेत होता. सूक्ष्म उद्योगांना जगवण्यासाठी आखलेल्या या योजनेचा पहिला लाभार्थी मी त्या दिवशी डोळ्यांनी पाहिला. त्यानं तर अर्जही केलेला नव्हता.

आधारला जोडलेला मोबाइल नंबर तात्यांच्या मेव्हण्याकडे, मेव्हणा खेडला, आणि खेडला रेंज फक्त देवळाच्या पायरीवर. ओटीपी दहा मिनिटांत मरतो, देऊळ पंधरा मिनिटांवर. तिसऱ्या दिवशी मेव्हण्याला सकाळपासून पायरीवर बसवून ठेवलं, तेव्हा जमलं. गावकऱ्यांना वाटलं, नवस बोललाय.

एका ठिकाणी अंगठा लावायचा होता. तात्यांनी लावला. यंत्र म्हणालं, नाही. दुसरा लावला, नाही. दहाही बोटं झाली. आयुष्यभर दुसऱ्यांच्या सुरकुत्या काढता काढता माणसाच्या स्वतःच्या बोटांवरच्या रेषाही सपाट झाल्या होत्या. यंत्रापुढचा मुलगा म्हणाला, "काका, हात धुऊन या." तात्या धुऊन आले. हात स्वच्छ झाले, रेषा नव्हत्याच. शेवटी डोळ्यांच्या बाहुल्यांवर भागलं.

सगळं जोडून झालं. फाइल इतकी परिपूर्ण होती की माझ्यातला जुना माणूस अस्वस्थ झाला. कोणी मागितलेली नसताना मी म्हटलं, "तात्या, धंद्याच्या हिशेबाची वही असेल तर तीही जोडू. उगाच कोणी त्रुटी काढायला नको."

तात्या का कू करू लागले. "ती नको साहेब, ती आपली अशीच आहे." पण मी हट्टाला पेटलो.

शंभर पानी वही. तात्यांना गिऱ्हाइकांची नावं ठाऊक नसतात, आणि विचारणं त्यांना उद्धटपणाचं वाटतं. म्हणून त्यांनी आपल्यापुरती नोंदणी केली होती. 'बी विंग टक्कल, 120.' 'कुत्रावाली बाई, 344.' 'दुसरा मजला भांडण, 512.' 'दोनदा नमस्कार, 80.' 'मुलगा अमेरिका, 648.' मी हसत हसत पानं उलटत होतो. ओळी-ओळीला माणूस समोर उभा राहत होता. बँकेनंही आपल्या खातेदारांना इतकं ओळखलेलं नसेल.

मग एक ओळ आली. 'फुकट पेपर, 264.'

"हा कोण हो?" मी विचारलं.

तात्या इस्त्रीचं झाकण उघडून निखाऱ्यांवर फुंकर मारू लागले. फुंकर बराच वेळ चालली.

33 कपडे, आठ रुपयांप्रमाणे. मार्चमधले, 'नंतर देतो' म्हणून राहिलेले. मी गप्प राहिलो आणि वहीची बेरीज घातली. मनाला त्रास झाला की आकडेमोड करायची, ही खात्यातली सवय. दोन इमारतींची मिळून बाकी 11,480 रुपये.

मी पुन्हा बेरीज केली. तेवढीच आली.

म्हणजे ज्या 10 हजारांसाठी आम्ही महिनाभर पिशव्या घेऊन फिरत होतो, त्याहून जास्त रक्कम या माणसानं आधीच वाटून टाकली होती. बिनतारण, बिनव्याजी, शिफारसपत्राशिवाय. आधार मागितला नव्हता, ओटीपी मागितला नव्हता, मेव्हण्याला देवळात बसवलं नव्हतं. मालाडात राबवलेली ही मोठीच पतयोजना होती, आणि तिचा एक लाभार्थी पगाराएवढं पेन्शन घेणारा त्रुटीतज्ज्ञ होता.

वही मी फाइलीला जोडली नाही. माझे 264 दिले, आणि त्या रात्री बसून 31 वर्षांच्या अनुभवानिशी एक मसुदा तयार केला: 'उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, आपणाकडे इस्त्रीच्या बाकीपोटी रक्कम रु. ___ येणे आहे. सदर त्रुटीची पूर्तता तात्काळ करावी.' त्याच्या प्रती काढल्या आणि दारोदार फिरलो. एकच पथ्य होतं, वहीतलं नाव तोंडून निसटू द्यायचं नाही. कुत्रावाल्या बाईंनी तिथल्या तिथे पैसे दिले. बी विंग टक्कल यांनी हिशेब मागितला, मग दिले. दुसरा मजला भांडण यांनी भांडण केलं. दोनदा नमस्कार यांनी तीनदा केला आणि पुढच्या आठवड्यात या म्हणाले. 'मुलगा अमेरिका' यांनी मात्र आधी मुलाला विचारतो म्हटलं. बहुतेक बाकी आठ दिवसांत वसूल झाली.

कर्जही मंजूर झालं. दिवाळीच्या आसपास एका बँकेतून 10 हजार आले. त्यात चार महिन्यांचं थकलेलं खोलीभाडं गेलं, मुलीच्या ऑनलाइन शाळेसाठी एक जुना मोबाइल आला, आणि उरलेल्याचा कोळसा. अहवालात याला 'खेळतं भांडवल' म्हणतात. तात्यांच्या घरात ते इतकं खेळलं की आठवडाभरात दमून संपलं. भांडवल त्यांना नकोच होतं. त्यांना पँटी हव्या होत्या. पण पँटींची योजना कुठल्याच मंत्रालयाकडे नाही.

मग क्यूआर कोड आला. किमान 25 रुपयांच्या डिजिटल व्यवहारांवर कॅशबॅक होता, महिन्याला 50 व्यवहार झाले तर 50 रुपये, 100 झाले तर 75, आणि 200 झाले तर 100. वर्षाला जास्तीत जास्त 1,200. तात्यांनी त्यातला अर्थ माझ्याआधी ओळखला. "साहेब, चव्वेचाळीस कपडे आहेत. चार-चारचे अकरा वेळा करा." मी पिंपळाखाली उभा राहून बत्तीस-बत्तीस रुपये अकरा वेळा पाठवले. मागे मालवणीचा रिक्षावाला कपडे घेऊन खोळंबला होता. तो म्हणाला, "काका, देशाची प्रगती जरा लवकर करा."

एप्रिल 2021 मध्ये पुन्हा टाळेबंदी आली. तेव्हा राज्य सरकारनं 5,476 कोटींचं पॅकेज जाहीर केलं. त्यात 5 लाख नोंदणीकृत फेरीवाल्यांना आणि 12 लाख परवानाधारक रिक्षाचालकांना प्रत्येकी 1,500 रुपये सानुग्रह अनुदान होतं. हे खरंखुरं अनुदान, परत न द्यायचं. रिक्षावाल्याला मिळालं. तात्यांचं घोडं 'नोंदणीकृत' या शब्दापाशी अडलं. त्यांचं पत्र शिफारशीचं, नोंदणीचं नव्हे. एवढा एक शब्द मी स्वतः किती फायलींत घातला असेल याची मोजदाद करायला बसलो आणि मध्येच सोडून दिली. रिक्षावाल्यानं त्या दिवशी सगळ्यांना कटिंग पाजला. पिंपळाखालच्या वाटपात नोंदणी बघत नाहीत.

आता सगळं सुरळीत आहे म्हणायचं. स्वनिधीची मुदत 31 मार्च 2030 पर्यंत वाढली आहे. पहिलं कर्ज 10 चं 15 हजार झालं, दुसरं 20 चं 25, तिसरं 50 हजार. तात्यांनी पहिलं फेडलं, दुसरं फेडलं. पँटीही परतल्या. पण पोरं आता चुरगळलेलंच कापड मुद्दाम महाग घेतात आणि त्याला फॅशन म्हणतात. या संकटावर अजून पॅकेज आलेलं नाही.

परवा मी पेपर वाचत बसलो होतो. हल्ली मी तो विकत आणतो आणि तात्यांच्या टेबलावर ठेवतो. टेबलाच्या कडेला नवी वही होती. तात्या घड्या घालण्यात गुंतलेले. मी हळूच उघडली. 'फुकट पेपर' कुठेच नव्हतं. जीव भांड्यात पडला. मग खाली दिसलं, 'त्रुटीसाहेब, 56.'

मी खिशातून 56 रुपये रोख काढून टेबलावर ठेवले. "तात्या, पावती द्या."

तात्यांनी माझ्याकडे पाहिलं. पेपरचा कोपरा फाडला, पेन्सिलीनं '56 पोचले' असं लिहिलं आणि माझ्यापुढे धरला.

"सही-शिक्का?" मी म्हटलं. जित्याची खोड.

तात्यांनी तो कपटा टेबलावर ठेवला, इस्त्री उचलली आणि तिचं टोक क्षणभर त्यावर टेकवलं. करपल्याचा बारीक वास आला. कागदावर इस्त्रीच्या टोकाची तपकिरी खूण उठली होती, चारी बाजूंनी रेखीव.

मी चष्मा पुसून पाहिलं. शिक्का स्पष्ट होता.